बंदी आली, विष राहिलं: टिकाऊ कीटकनाशकांपासून तान्ह्या मुलांना जपण्याचं मार्गदर्शन

महाराष्ट्रातल्या बऱ्याच जुन्या घरांत आजही एखादा गंजका डबा सापडतो. कधी गोठ्याच्या कोनाड्यात, कधी माळ्यावर पत्र्याच्या पेटीमागे. लेबल गेलेलं असतं, आत करडी भुकटी असते आणि घरातलं म्हातारं माणूस सांगतं, "बीएचसी आहे, ढेकणांवर मारायचो." बीएचसी (बेंझीन हेक्साक्लोराइड) या कीटकनाशकावर भारतात १९९७ साली बंदी आली. डीडीटी शेतीत वापरायला १९८९ पासून मनाई आहे. एंड्रिन १९९० मध्ये गेलं, एन्डोसल्फान २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने, तर लिंडेनचा वापर २०१३ मध्ये थांबवला गेला. कागदावर ही सगळी मंडळी कधीच निवृत्त झाली. डब्यातली, भिंतीतली आणि मातीतली मात्र अजून हजर आहेत.

घरात गरोदर बाई, तान्हं बाळ किंवा पाच वर्षांखालचं मूल असेल तर या विषांच्या घरात शिरण्याच्या वाटा कोणत्या आणि त्यातल्या कोणत्या आधी बंद करायच्या, ते पुढे सांगतो. शरीरात शिरलेलं हे विष बाहेर काढणारं औषध नेहमीच्या उपचारांत नाही. 'डिटॉक्स'च्या नावाखाली विकले जाणारे काढे आणि पावडरी यांवर पैसे घालवू नका. सगळी मेहनत वाट अडवण्यावर करायची आहे.

गाठ कशाशी आहे

कीटकनाशकं ढोबळमानाने दोन प्रकारची धरा. काही ऊन-पाऊस आणि मातीतल्या जिवाणूंमुळे काही दिवसांत किंवा आठवड्यांत विघटित होतात. ती तेव्हाच्या तेव्हा फार विषारी असू शकतात, पण वर्षानुवर्षं साठत नाहीत. दुसऱ्या प्रकारातली विघटितच होत नाहीत म्हटलं तरी चालेल. डीडीटी, बीएचसी, लिंडेन, अॅल्ड्रिन, डायल्ड्रिन, एंड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर, एन्डोसल्फान ही या दुसऱ्या घराण्यातली. मातीत डीडीटी अर्धं व्हायला दोन ते पंधरा वर्षं लागू शकतात. बीएचसीचा एक घटक माणसाच्या शरीरात निम्मा व्हायलाच सुमारे सात वर्षं घेतो. पाण्यात ही रसायनं फारशी विरघळत नाहीत, चरबीत मात्र सहज मुरतात. म्हणून ती दूध, साय, तूप, मासे आणि माणसाच्या अंगावरची चरबी इथे मुक्कामाला असतात, आणि आईच्या शरीरातून वारेवाटे पोटातल्या बाळापर्यंतही पोचतात.

अशा रसायनांवर जगभर बंदी आणण्यासाठी २००१ मध्ये स्टॉकहोम करार झाला आणि २००६ मध्ये भारत त्यात सामील झाला. यादी अजून वाढतेच आहे. २०२५ मध्ये क्लोरपायरीफॉसचं नाव त्यात आलं. आपल्याकडे वाळवीपासून कपाशीपर्यंत सर्रास वापरलं जाणारं हे औषध अमेरिकेने घरगुती वापरातून २००० नंतर हटवलं होतं. मुख्य कारण लहान मुलं.

आता एक गैरसमज. औषधाच्या बाटलीवरच्या चौकोनातला लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण बघून लोक घरात काय ठेवायचं ते ठरवतात. तो रंग एवढंच सांगतो की एकदम पोटात गेलं तर ते किती घातक आहे. ते घरात किती वर्षं टिकेल किंवा बाळाच्या शरीरात साठेल का, याबद्दल त्रिकोण काही बोलत नाही. तेव्हा हिरवा त्रिकोण म्हणजे पाळण्याखाली ठेवायला हरकत नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

मोठ्यांना चालतं ते बाळाला का चालत नाही

पाच किलोचं बाळ दिवसाला सुमारे पाऊण लिटर दूध पितं. साठ किलोच्या माणसाने त्याच हिशेबाने प्यायचं म्हटलं तर नऊ लिटर होतील. बाळाचा श्वासही वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा बराच जास्त असतो आणि अंगाची त्वचाही. म्हणजे दुधात, हवेत किंवा जमिनीवर थोडंसं काही असलं तरी बाळाच्या वाट्याला कितीतरी पट येतं.

त्यात भर म्हणजे बाळाचं सगळं जग जमिनीपासून दोन वितींवर असतं. रांगणारं मूल फरशी चाटतं, चटईचं टोक चघळतं, बापाच्या चपलेचा पट्टा तोंडात घालतं. त्याचं यकृत अजून कच्चं असतं. विष निकामी करणारी काही विकरं (एन्झाइम) नवजात बाळात मोठ्यांपेक्षा खूपच कमी असतात. आणि मेंदूची जडणघडण तर याच काळात चालू असते. १९९३ साली अमेरिकेच्या विज्ञान अकादमीने लहान मुलांच्या आहारातल्या कीटकनाशकांवर अहवाल दिला, त्याचं सार असं होतं की मूल म्हणजे छोट्या मापाचा मोठा माणूस नव्हे. तीन वर्षांनी तिथे कायदाच झाला की मुलांसाठी मर्यादा ठरवताना सुरक्षिततेची जादा दहापट धरायची.

होतं काय? रोज थोडंथोडं जात राहिलं तर वरून काहीच दिसत नाही आणि खरी अडचण तीच आहे. जन्माचं वजन, मेंदूची वाढ, संप्रेरकं यांवरच्या परिणामांचा अभ्यास अनेक देशांत झाला आहे आणि काळजी वाटावी असे संबंध त्यांत पुन्हा पुन्हा सापडले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने लिंडेनला माणसात कर्करोग घडवणारं आणि डीडीटीला बहुधा घडवणारं ठरवलं आहे. मोठ्या प्रमाणात संपर्क आला तर काय होतं, ते केरळमधल्या कासरगोडने पाहिलं. तिथल्या काजूच्या बागांवर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २००० पर्यंत हेलिकॉप्टरने एन्डोसल्फान फवारलं गेलं, खालच्या उघड्या विहिरींवर आणि घरांवरही. तिथल्या पीडितांना पाच-पाच लाख रुपये द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०१७ मध्ये द्यावा लागला. आपल्या घरात तेवढं मोठं काही नसतं. असतात त्या छोट्या वाटा, आणि त्या बंद करता येतात.

पहिलं काम: डबे शोधा

बाळ येण्याआधी, सातव्या-आठव्या महिन्यातच हे उरकावं. गरोदर बाईने स्वतः माळ्यावर चढू नये, हे सांगायला नको. घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाने हातमोजे घालून, नाकाला फडकं बांधून माळा, गोठा, पंपाची खोली, न्हाणीची फळी आणि शिलाई मशीनचा खण असं सगळं तपासावं. शिलाई मशीनचा खण हसण्यावारी नेऊ नका. मुंग्यांचा खडू, ढेकणांची बाटली आणि उंदरांचं औषध हमखास तिथेच असतं.

जे सापडेल ते उघडून वास घेऊन बघू नका. भुकटी सांडलेली असेल तर झाडू मारू नका, ती हवेत उडते. ओलं फडकं टाकून टिपा आणि ते फडकंही त्याच पिशवीत घाला. डबा जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधा, वर 'विष' असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि मूल पोचणार नाही अशा जागी, घराबाहेर, कुलपात ठेवा. मग तालुका कृषी अधिकाऱ्याला किंवा पंचायत समितीच्या कृषी विभागाला लेखी कळवा आणि पोच घ्या. अशा जुन्या साठ्याची विल्हेवाट लावणारी सोय गावोगाव नाही, तिथे तुम्हाला दोन-तीन खेपा पडतील. तरी पडू द्या. चुलीत किंवा उकिरड्यावर जाळू नका, कारण क्लोरीन असलेली ही रसायनं जळताना त्यांच्याहून वाईट अशी डायॉक्सिन नावाची विषं तयार होऊ शकतात. विहिरीजवळ पुरू नका, ओढ्यात ओतू नका.

रिकामा डबाही घरात नको. बिहारच्या सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेतलं माध्यान्ह भोजन खाऊन तेवीस मुलं दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस होतं. ते टिकाऊ विषांच्या यादीतलं नव्हे, पण खाण्याचं आणि फवारणीचं सामान एकमेकांजवळ आलं की काय होतं, ते या एका दिवसाने दाखवलं. आपल्याकडे औषधाचे पाच-दहा लिटरचे कॅन धुऊन पाण्याला, रॉकेलला, कधी ताकालाही वापरतात. त्याऐवजी कॅन रिकामा झाला की तीनदा खळबळून ते पाणी फवारणीच्या टाकीत ओतायचं, मग कॅनला भोकं पाडायची, म्हणजे मोह होणार नाही.

दुसरं: फवारणीचा सदरा

भाजी धुण्यावर भरपूर लिहिलं जातं. शेतकऱ्याच्या घरात मला त्याहून मोठी वाट दिसते ती बापाच्या अंगावरची. पाठीवरचा पंप घेऊन फवारणी केलेल्या माणसाचे कपडे जवळून बघा. सगळ्यात ओलं असतं गुडघ्याखाली, कारण तो फवारलेल्या पिकातूनच पुढे चालतो. त्याखालोखाल पाठीवर पट्ट्यांच्या जागी, झाकणातून झिरपल्यामुळे. मग नळी धरलेल्या हाताची बाही. आणि खिसा, कारण त्याच हाताने खर्ऱ्याची पुडी काढलेली असते. असा बाप दारात आला की मूल आधी पायाला मिठी मारतं, मग खांद्यावर चढून कॉलर चोखतं.

म्हणून नियम साधा ठेवा. फवारणीहून आलेला माणूस घरात पाऊल टाकत नाही. कपडे बाहेर उतरवायचे, गोठ्याजवळ किंवा न्हाणीत साबणाने डोक्यापासून पायापर्यंत अंघोळ करायची, नखं घासायची, आणि मगच बाळाला हात लावायचा. चपला किंवा गमबूट उंबऱ्याबाहेर. पंप आणि मिसळण्याची बादली कायमची गोठ्यात. त्या बादलीत बाळाच्या अंघोळीचं पाणी तापवलेलं बघितलं आहे म्हणून सांगतो, तिच्यावर लाल रंगाने फुली मारा.

कपडे धुण्याची रीत: बाळाची झबली, दुपटी, लंगोट यांच्यात ते कधीच मिसळायचे नाहीत. वेगळ्या घमेल्यात एकदा नुसत्या पाण्याने काढायचे, मग गरम पाणी आणि धुण्याच्या पावडरीने दोनदा, आणि कडक उन्हात वाळवायचे. ते पाणी परसात मूल खेळतं तिथे किंवा विहिरीच्या कट्ट्यावर सोडायचं नाही. घट्ट औषध सांडून भिजलेला कपडा धुण्याच्या भानगडीत पडू नका, टाकून द्या. आणि हे धुणं बाळंतिणीच्या किंवा गरोदर बाईच्या वाट्याला येऊ नये. ज्याने फवारलं त्याने धुवावं. यात संसाराचा मान कमी होत नाही.

निंदणी-वेचणीला जाणाऱ्या आईसोबत बाळही शेतात जातं, बांधावरच्या झाडाला झोळी बांधून. ते टाळा म्हणणं सोपं, घरी सांभाळायला कुणी नसतं. निदान फवारणीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी बाळ शेतात नको. एरवी झोळी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, शेजाऱ्याच्या फवारणीपासून लांब. शेजाऱ्याला आदल्या रात्री विचारून ठेवायला काय लागतं?

तिसरं: कापूस, बियाणं, धान्य

भाव वाढेल म्हणून विदर्भात आणि मराठवाड्यात कापूस राहत्या खोलीत छताला टेकेपर्यंत भरून ठेवतात. मुलांसाठी तो मऊ डोंगर असतो. ती त्यात उड्या मारतात, तिथेच झोपतात, आणि अंगाला खाज सुटते. कपाशीवर हंगामात किती वेळा फवारणी होते ते शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. कापूस घरातच ठेवावा लागत असेल तर बाळ झोपतं ती खोली सोडून, दार लावून, आणि मध्ये ताडपत्री टाकून. पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) चुलीत घालायच्याच असतील तर अंघोळीचं पाणी तापवायला अंगणातल्या चुलीत घाला, बाळंतिणीच्या शेकशेगडीत नको.

बियाण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण या विषयातली सगळ्यात भयानक गोष्ट त्याच्याशी जोडलेली आहे. १९५५ ते १९५९ या काळात तुर्कस्तानच्या आग्नेय भागात हेक्साक्लोरोबेन्झीन नावाचं बुरशीनाशक चोळलेला पेरणीचा गहू लोकांनी दळून खाल्ला. तीन हजारांहून जास्त लोक आजारी पडले. त्यातल्या आया बाळांना अंगावर पाजत होत्या. बाळांच्या अंगावर गुलाबी चट्टे उठले, ती अशक्त होत गेली आणि दगावली. काही गावांत त्या वर्षांत जन्मलेली जवळजवळ सगळी बाळं गेली. हे रसायनही पुढे स्टॉकहोम कराराच्या पहिल्याच यादीत आलं.

आज बियाण्याला ते चोळत नाहीत, दुसरी औषधं असतात. बियाणं ओळखायला सोपं जावं म्हणून त्याला गुलाबी, लाल किंवा निळा रंग दिलेला असतो. पेरणीनंतर उरलेलं बियाणं धुऊन रंग गेला म्हणून गिरणीत जाता कामा नये. कोंबड्यांना टाकलं तर अंड्यातून परत येईल. रंगीत दाणे मुलांना गोळ्यांसारखे दिसतात. पिशवी त्याच दिवशी बांधून कुलपात.

साठवणीच्या धान्यात सेल्फॉसच्या गोळ्या टाकून त्याच खोलीत झोपल्याने माणसं, विशेषतः मुलं, रात्रीत दगावली आहेत. या गोळ्यांतून निघणारा विषारी वायू शरीरात वर्षानुवर्षं साठत नाही, एका रात्रीत काम करतो. राहत्या घरात ही गोळी नकोच. बाळाच्या खिमटीचे तांदूळ, मूग आणि नाचणी वेगळ्या डब्यात काढा, नीट वाळवा, कडुलिंबाचा वाळका पाला घाला. बोरिक पावडर लावलेले तांदूळ, पाऱ्याच्या गोळ्यांचं धान्य बाळासाठी वापरू नका.

चौथं: धूळ, भिंती आणि सरकारी फवारणी

शेतात ऊन आणि पाऊस तरी असतो. घरात शिरलेलं औषध सावलीत, कोपऱ्यातल्या धुळीत, गादीच्या शिवणीत वर्षानुवर्षं राहतं. बाहेर चार दिवसांत विरणारी साधी फवाऱ्याची औषधंसुद्धा घरातल्या धुळीत महिनोन्महिने सापडतात. रांगत्या मुलाच्या घरात कोरडा झाडू कमी आणि ओलं पुसणं जास्त हवं. जमीन सारवलेली असेल तर सारवणाची माती शेतातल्या बांधावरून किंवा जुन्या गोठ्याच्या पडक्या भिंतीतून आणू नका. बाळाचे हात खाण्याआधी आणि झोपण्याआधी धुवा. एवढं नेमाने केलं तरी बरंच काम होतं, आणि त्याला खर्च नाही.

हिवतापाच्या मोहिमेत १९५३ पासून देशभर घरांच्या भिंतींवर डीडीटी मारलं गेलं. शेतीतली बंदी आल्यावरही आरोग्यासाठीचा वापर चालू राहिला. ते बनवणाऱ्या सरकारी कंपनीचा एक कारखाना आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या रसायनीत होता. जुन्या कुडा-मातीच्या भिंतींत त्याचा अंश असू शकतो. आता अनेक मुलं आणि काही गरोदर बायकाही भिंतीची माती उकरून खातात. मुलाला मारून ही खोड जात नाही. बहुतेक वेळा अंगात लोह कमी असतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या, लोहाचं औषध आणि जंताची गोळी डॉक्टर सांगतील तशी द्या. मूल उकरतं तो भाग चुन्याने किंवा सिमेंटने लिंपून टाका.

याचा अर्थ आरोग्य कर्मचारी फवारणीला आले की दार लावून घ्यायचं, असा मुळीच नाही. गडचिरोलीत आजही हिवताप बराच असतो आणि तो लहान मुलांना मारतो. फवारणी होऊ द्या, फक्त नीट. कर्मचाऱ्याला औषधाचं नाव विचारा. भांडी, पाणी, धान्य आणि पाळणा बाहेर काढा. भिंत वाळेपर्यंत मुलं आणि गरोदर बाई बाहेर. मग जमिनीवरचे मेलेले किडे आणि ठिबकलेलं औषध ओल्या फडक्याने काढून लांब पुरा. पाळणा, बाज भिंतीपासून हातभर दूर ठेवा. आणि बाळ औषध लावलेल्या मच्छरदाणीत झोपवा. तिचं औषध जाळीला धरून राहतं. बाळाने ती चोखायला लागू नये म्हणून कडा गादीखाली खोचा.

शहरात धूर सोडणारं यंत्र आलं की पोरं त्याच्यामागे पळतात. मोठी माणसं बाल्कनीतून बघत हसतात. हाक मारून वर बोलवा.

पाचवं: आईचं दूध थांबवू नका

दुधात कीटकनाशक सापडल्याची बातमी आली की आशाताईंकडे पहिला प्रश्न येतो तो हा: "मग पाजू का नको?" उत्तर स्पष्ट आहे. पाजा. जगभरातल्या बायकांच्या दुधात ही रसायनं सापडतात, कारण ती चरबीत मुरतात आणि दुधात चरबी असते. सगळं मोजून-मापून जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं कायम आहे: पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पुढे दोन वर्षं आणि त्यानंतरही वरच्या अन्नासोबत. डब्याची पावडर कुठल्या पाण्यात कालवणार? त्याच विहिरीच्या. आणि जुलाबाने जाणारं बाळ हा धोका दुधातल्या अंशाहून कितीतरी जवळचा आहे. तुर्कस्तानसारखी थेट विषबाधा वेगळी. तशी शंका असेल, म्हणजे आईच्या पोटात औषध गेलं किंवा अंग भिजलं, तर पाजण्याआधी डॉक्टरांना विचारा.

बाळंतिणीने एक मात्र टाळावं: झपाट्याने वजन उतरवणं. अंगावरची चरबी वितळली की तिच्यात साठलेलं बाहेर पडतं आणि दुधात उतरू शकतं. बाळ अंगावर पितं आहे तोवर उपासतापास आणि मोबाइलवरचे डाएट बाजूला. पोट कमी व्हायला पुढे वेळ आहे.

जनावराच्या दुधाकडेही बघायला हवं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने बारा राज्यांतून गाई-म्हशींच्या दुधाचे दोन हजारांवर नमुने तपासून १९९३ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांत बहुतेक नमुन्यांत डीडीटी निघालं होतं. बंदीनंतर परिस्थिती सुधारली, पण दुधात विष येण्याची वाट तीच आहे: चारा. फवारलेल्या शेताच्या धुऱ्यावरचं गवत, उरलेल्या कपाशीचा पाला, गोचिडांवर चोळलेली कसलीतरी भुकटी. बाळाला दूध देणाऱ्या गाईला फवारणीच्या शेतात चरायला सोडू नका. गोचिडांसाठी जनावरांच्या डॉक्टरांनी दिलेलंच औषध वापरा आणि त्यानंतर किती दिवस दूध काढायचं पण घरात वापरायचं नाही, तेही विचारा. वर्षाच्या आतल्या बाळाला मुख्य दूध म्हणून गाई-म्हशीचं देऊच नये, मग साय काढायची की ठेवायची हा वाद उरत नाही. तूप चमचाभर चालतं.

सहावं: भाजी, भोपळा, पाणी

फळं-भाज्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. पाण्यात मीठ किंवा सोडा घालून दहा-पंधरा मिनिटं ठेवलं तरी चालेल, त्याने वरवरचा अंश बराच जातो. आत मुरलेला जात नाही, आणि कोणतंही महागडं 'व्हेजी वॉश' तो काढत नाही. टिकाऊ विषं मातीतून येतात म्हणून कंदमुळांची साल काढा. गाजर-बटाट्याच्या बाबतीत सालीतच बरंचसं असतं.

भोपळावर्गाची गंमत निराळी. लाल भोपळा, काकडी यांची मुळं मातीतलं जुनं डीडीटी आणि डायल्ड्रिन इतर भाज्यांपेक्षा जास्त ओढून घेतात. जपानमध्ये बंदी येऊन तीस वर्षं उलटल्यावरही काकडीत डायल्ड्रिन सापडलं होतं. आपल्याकडे बाळाचं पहिलं उष्टावण बहुधा भोपळ्याच्या गराचंच. म्हणून भोपळा बंद करू नका, वेल कुठे लावता ते बघा. जुनी औषधं ठेवलेल्या खोलीच्या पायाशी, पडक्या गोठ्याच्या भिंतीला, किंवा पूर्वी पंप धुतला जायचा त्या न्हाणीच्या ओहोळावर वेल नको. कारण पाणी आणि खत मिळतं म्हणून लोक नेमका तिथेच लावतात. बाळासाठी आज भोपळा, उद्या रताळं, परवा मुगाचं वरण असं आलटून पालटून द्या. एकाच शेतातलं एकच काही रोज पोटात जायला नको.

पाणी उकळल्याने जंतू मरतात, कीटकनाशक जात नाही. साधी कँडल आणि यूव्हीही ते काढत नाहीत. कार्बनचा थर असलेला फिल्टर किंवा आरओ बऱ्यापैकी काढतो, मात्र कार्बन वेळेवर बदलला तरच. भारताच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात डीडीटी, लिंडेन, एन्डोसल्फान अशा प्रत्येकाची वेगळी मर्यादा आहे, पण गावच्या नेहमीच्या तपासणीत बहुधा जंतू, फ्लोराइड, नायट्रेट एवढंच बघतात. विहीर शेताच्या उतारावर असेल तर बाळासाठी नळयोजनेचं पाणी किंवा दूरच्या विहिरीचं पाणी आणणं हे यंत्र घेण्याआधीचं पाऊल. विहिरीला कठडा नसेल तर तो आधी बांधा.

सातवं: उवा, ढेकूण, वाळवी

उवांसाठी आणि खरजेसाठी लिंडेनचा लोशन पूर्वी घराघरांत असायचा, बाटलीवर 'गामा बेंझीन हेक्साक्लोराइड' असं लिहिलेलं. बाळाच्या पातळ त्वचेतून तो झटकन शिरतो आणि झटके येऊ शकतात. जुनी बाटली सापडली तर वापरू नका. तान्ह्याच्या उवांवर खोबरेल तेल आणि बारीक दातांची फणी, रोज, दोन आठवडे. मोठ्या मुलाला औषध हवंच असेल तर डॉक्टर वय बघून देतील. कपाशीचं औषध डोक्याला चोळण्याचा अघोरी प्रकार अजून ऐकू येतो, त्याने मूल जाऊ शकतं.

ढेकणांसाठी बाजेवर उकळतं पाणी, गादीला कडक ऊन. मुंग्या-झुरळांचा खडू जमिनीवर ओढणं म्हणजे रांगत्या मुलाच्या वाटेवर विष आखणं. वाळवीसाठी पेस्ट कंट्रोलवाला बोलावताना औषधाचं नाव लिहून मागा. तो "एकदम सेफ आहे, वासही येत नाही" म्हणेल. वास न येणं हा पुरावा नाही. घरात गरोदर बाई किंवा तान्हं असेल तर काम पुढे ढकला, नाहीतर आई-बाळाला आठ-पंधरा दिवस माहेरी पाठवा आणि परत येण्याआधी सगळं घर ओल्या फडक्याने पुसून घ्या.

अंगावर सांडलं किंवा तोंडात गेलं तर

कपडे लगेच उतरवा. साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवा, नखं आणि केसांसकट. डोळ्यात गेलं असेल तर पंधरा-वीस मिनिटं संथ धारेने धुवा. तोंडात गेलं असेल तर ओकारी काढू नका, मिठाचं पाणी पाजू नका. दूध, तूप किंवा तेल पाजलं की उतारा पडतो असं समजतात, पण चरबीत विरघळणारी ही विषं त्याने उलट लवकर भिनतात. लाळ गळणं, घाम, बाहुल्या बारीक होणं, धाप लागणं, अंग थरथरणं, झटके यांतलं काहीही दिसलं तर वाट बघू नका. झटका आलेल्या मुलाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा बोट घालू नका.

१०८ वर रुग्णवाहिका बोलवा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८००-११६-११७ फोनमध्ये आत्ताच साठवून ठेवा, म्हणजे तुमच्या डॉक्टरांनाही तिथे बोलता येईल. बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो सोबत न्या. लेबल नसेल तर डबाच न्या, दोन पिशव्यांत बांधून, आणि मूल मांडीवर असेल तर डबा दुसऱ्याच्या हातात द्या.